आरशातला तीन

माझा दादा न्हावी आहे आणि हाताचा फार चांगला आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, घुम्या आहे आणि त्याच्या तोंडून एक अख्खं वाक्य काढायचं म्हणजे नाकी नऊ येतात. दुकान आमचं एकच, मधे लाकडी पार्टिशन. अलीकडे त्याच्या खुर्च्या, पलीकडे माझं बायकांचं पार्लर. पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं. माझ्या तोंडाचा पट्टा त्याच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू येतो, अशी त्याची तक्रार आहे. येऊ दे.

वडिलांनी त्याला धंदा शिकवताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. हातात वस्तरा असताना मान वळवायची नाही, मग मागे छप्पर का कोसळेना. म्हणून दादा सगळं जग आरशातून बघायला शिकला. बाकावर कोण येऊन बसलं, कोण कंटाळलंय, कोण घड्याळ बघतंय, सगळं आरशात. गिऱ्हाइकाशी बोलतो तेही आरशातल्या तोंडाशी.

त्याची लेक दुसरीत. एका जागी बसत नाही म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. वहिनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, तिची पाळी दुपारनंतरची. त्यामुळे शाळा सुटली की मुंगी दुकानात, खुर्चीमागच्या बाकावर पाटी घेऊन. दादानं स्वतः चौथीत शाळा सोडली. शाळेसमोरून जायचं असलं तर अजून तो लांबचा रस्ता धरतो. पण पोरीचा अभ्यास त्यानं एक दिवस चुकवला नाही. कात्री चालू ठेवून तो अक्षरं नि आकडे सांगायचा, ती लिहून पाटी डोक्यावर धरायची आणि तो आरशात बघायचा.

अगदी सुरुवातीला एकदा तो म्हणाला होता, "उलटं दिसतंय गं. नीट काढ." मुंगीनं पुसून नीट काढलं. तेव्हापासून रोज "शाब्बास, पूस आता" हेच ऐकू यायचं. मी पलीकडे भुवया कोरत होते, मला कशाला शंका येतेय.

आणि शाळेतून मात्र लाल शेरे येत होते. मुलगी अक्षरं उलटी काढते. तीनच्या जागी सहा लिहिते. घरी लक्ष द्यावे. वर्ष अर्ध्याच्या पुढे गेलं तेव्हा बाईंनी दादाला बोलावून घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, "परीक्षेपर्यंत फरक पडला नाही तर पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल."

दादा परत आला तो कात्र्या पुसत बसला. सगळ्या स्वच्छ होत्या तरी पुसत होता.

"माझ्यासमोर बरोबर लिहिते गं," तो म्हणाला. "शाळेत जाऊन चुकते. घाबरत असणार. मी नव्हतो घाबरत?"

"मग तसं बाईंना सांगायचं."

"सांगितलं. त्यांना वाटलं, मी बघतच नाही."

मग म्हणाला, "माझंच डोकं उतरलंय तिच्यात." हे तो मुंगीसमोर बोलला, आणि मुंगीनं पाटी बाकाखाली सरकवली. मला इतका राग आला की त्याच्याच फवाऱ्यानं त्याला भिजवावंसं वाटलं.

मग त्यानं काय केलं, तर अभ्यास दुप्पट केला. शाळेतून आल्यापासून दुकान बंद होईस्तोवर पाटी. आणि जितकी मेहनत वाढली तितके लाल शेरे वाढले. मुंगीनं खोड्या करायच्या सोडल्या. गिऱ्हाइकांची टोपी लपवणारी, पावडरचा डबा सांडणारी पोर गप्प बसून राहायला लागली, हे मला बघवेना.

शेवटी मी शाळेत गेले. दादाला न सांगता गेले. बाई माझ्याहून लहान, आवाज बसलेला, टेबलावर वह्यांचा ढीग. मी म्हटलं, "माझा भाऊ लक्ष देत नाही असं लिहिता तुम्ही. एकदा येऊन बघा तरी, तो किती करतो ते."

मला वाटलं, बाई आता फणकारतील. त्यासाठी मी पुढची दोन वाक्यंही तयार ठेवली होती. पण त्या म्हणाल्या, "शनिवारी शाळा लवकर सुटते. तेव्हा येऊ?" माझी वाक्यं वाया गेली.

शनिवारी त्या खरोखर आल्या. मी नेमकी एकीच्या भुवया करत होते, दोऱ्याचं टोक दातांत, त्यामुळे तोंड बंद. तिची एक भुवई तशीच सोडून मी पार्टिशनच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दादाच्या खुर्चीत एक जाडे कंत्राटदार तोंडभर फेस लावून पडले होते. बाईंना आरशात बघून दादाचा चेहरा पांढराफटक झाला. पण वस्तरा हातात, वळणार कसा. आरशातल्या बाईंनाच तो म्हणाला, "बसा. मुंगे, तीन काढून दाखव बाईंना."

मुंगीनं काढला आणि सवयीनं पाटी डोक्यावर धरली.

"हा बघा," दादा आरशात बघत म्हणाला. "बरोबर आहे की नाही?"

बाईंनी आरशाकडे बघितलं. तिथे तीन होता. मग त्यांनी वाकून पाटीकडे बघितलं. तिथे ठसठशीत सहा होता. त्या उठल्या, मुंगीजवळ खाली बसल्या आणि हळूच विचारलं, "असा का काढलास गं?"

"बाबांना आरशातून बघावं लागतं ना," मुंगी म्हणाली. "त्यांना सरळ दिसावा म्हणून."

कंत्राटदारांनी फेसातून एक डोळा उघडला. दादाचा वस्तरा हवेतच थांबला होता. माझ्या दातांतला दोरा कधी गळून पडला, मला कळलं नाही.

"म्हणजे मीच बिघडवली," दादा म्हणाला.

"बिघडवली कसली," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं दिसेल याचा विचार करून लिहिते ती. असं पोर मंद असतं होय? आणि चुकलं ते माझंही. शेरे लिहीत राहिले, पण ती अभ्यासाला कुठे बसते हे एकदा विचारलं नाही. वर्गात बसून मला हे कधी कळलं नसतं."

"मला इथे उभं राहून कळलं नाही," दादा म्हणाला.

उपाय बाईंनीच काढला, नि तो सोपा होता. खुर्ची फिरती आहे, ती फिरवायची. गिऱ्हाइकाची पाठ आरशाकडे, म्हणजे दादा आरशाला पाठ करून उभा राहणार आणि बाकावरची मुंगी थेट नजरेसमोर. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, आमचं डोकं आम्हाला दिसत नाही म्हणून. दादानं त्यांना सांगितलं, "मला दिसतंय ना." एरवी घुम्या माणूस, पण पोरीसाठी फटकळ झाला.

बाई रोज फोनवर दोन शब्द बोलून पाठवायच्या, आज काय शिकवलं ते. दादा उलट निरोप धाडायचा, पोरीचं घोडं कुठे अडलं ते. आधी शब्द जुळवता जुळवता त्याला घाम फुटायचा. नंतर तो इतका बोलायला लागला की आता बाईच हात टेकतील अशी मला भीती वाटली. पालकसभाही त्यांनी आमच्या सुट्टीच्या वारी ठेवली, आणि दादा शाळेत गेला, स्वतःच्या पायांनी, इस्त्रीचा सदरा घालून. मुंगीचा हात वळणावर यायला वेळ लागला. कधी तीन सरळ, कधी उलटा. मुंगी रडायची, आणि मग दादा पाटी पुसून पुन्हा द्यायचा.

निकाल लागला त्या दिवशी मुंगी तिसरीत गेली. वहिनीनं कामावरून फोन करून माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

संध्याकाळी नेहमीसारखीच गर्दी होती. दादा एकाची दाढी करत होता, मुंगी बाकावर पाय हलवत बसली होती. समोर दाराच्या काचेवर दुकानाचं नाव, बाहेरून वाचता यावं असं रंगवलेलं. बाहेरून ती नेहमी धावतच आत शिरायची, त्यामुळे ते नाव तिनं बघितलं होतं ते बाकावरून, आतूनच.

"आत्या," ती एकदम म्हणाली, "आपलं नाव उलटं लिहिलंय."

"बाहेर जाऊन बघ," मी पार्टिशनच्या दाराशी येऊन म्हटलं.

ती बाहेर गेली, काचेसमोर उभी राहिली आणि बोट लावून मोठ्यानं वाचायला लागली. "के... श... क..." तिथे अडली. जोडाक्षर होतं. रस्त्यावरची माणसं तिला वळसा घालून जात होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, "केशकर्तनालय" एका दमात म्हटलं आणि काचेतून आत बघितलं.

खुर्ची फिरवलेली असल्यामुळे दार दादाच्या पाठीमागे होतं, आरशाच्या बाजूला. आणि गिऱ्हाइकाची अर्धी दाढी अजून फेसात होती.

"थांबा हं जरा," दादा त्याला म्हणाला. त्यानं वस्तरा खाली ठेवला, आणि मान वळवली.