परागंदा शेरा मागे घेण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्ज लिहिणे, राहणार शारजा औद्योगिक क्षेत्र, गॅरेजांच्या मागची गल्ली.

जिच्या वतीने अर्ज : माझी आई. वय तिच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशी, कागदाप्रमाणे शहात्तर. सध्या मुक्काम माझ्याकडे, दोनदा मुदत वाढवलेल्या व्हिजिट व्हिसावर.

ज्यांना अर्ज : दक्षिण कोकणात आमच्या मूळ गावी राहणारे भावकीतील वडीलधारे काका. त्यांना प्रतिवादी समजू नये.

घटनेची तारीख : ठाऊक नाही. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, हंगाम भाताच्या लावणीचा.

साक्षीदार : एक, मोडी लिपीतला शेताचा कागद. दोन, मृत्यूच्या नोंदवहीतील एक ओळ. तीन, माझी आई. तिने घटना पाहिलेली नाही, पण घटनेचा त्रास तिला होतो.

नावे मुद्दाम घातलेली नाहीत. गाव लहान आहे आणि ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ती सगळी आपलीच माणसे आहेत. हकीकत येणेप्रमाणे.

टायपिंग सेंटरमध्ये मी बरीच वर्षे खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. अरबी मजकूर आमचा इजिप्शियन सहकारी टाईप करतो. परंतु समोरच्या माणसाचे म्हणणे नेमके काय आहे, ते कोणत्या क्रमाने मांडावे आणि कोठे थांबावे, हे मी ठरवतो. रजा, थकलेला पगार, अडकवून ठेवलेला पासपोर्ट, असे विषय रोजचे आहेत. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. पदवीधर माणसेही आपला मसुदा मला दाखवून घेतात. हे गर्वाने नव्हे, माहितीसाठी नमूद करतो.

माझ्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात गावी ठरले आहे. त्याच्या तयारीसाठी आई शारजाला आली आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने अट घातली. लग्नाचा पहिला नारळ मूळपुरुषाला ठेवायचा, मगच पत्रिका छापायला द्यायची. आमच्या खाडीकाठच्या गावात आमची चार घरे आहेत, देव आहे, पण मूळपुरुषाचे ठिकाण नाही. वडील सांगत, आपला मूळपुरुष तिकडे, दक्षिणेला. ते स्वतः तिकडे कधी गेले नाहीत. आईच्या मनात मात्र हे राहून गेले होते. आपल्या लग्नात तो नारळ राहिला, मुलाच्या लग्नात राहिला, आता नातीच्या लग्नात राहू द्यायचा नाही, असे तिचे म्हणणे.

मुलगी येथेच शिकलेली. ती म्हणाली, "आजी, जस्ट पुट द कोकोनट हिअर ना."

आईला इंग्रजी येत नाही, पण नारळ आणि हिअर तिला कळले. "हिअर कुठं? खाली पार्किंगमध्ये? वॉचमन काय म्हणेल?"

मी म्हणालो, काळजी करू नका, शोध मी घेतो. कागदपत्रांची गोष्ट होती आणि कागदपत्रांच्या गोष्टीत मला कोणी अडवू शकेल असे मला वाटत नव्हते. आमचे आडनाव एका गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेले आहे. म्हणजे मूळ गाव कोणते हा प्रश्नच नव्हता. ते गाव आम्ही प्रत्येक सहीत लिहितो.

त्या गावच्या जुन्या दप्तरात आमच्या आडनावाचा शोध घ्यावा, असा अर्ज मी पाठवला. उत्तर आले, सदर आडनावाची नोंद आढळून येत नाही. शोध आळसाने घेतला असणार असे धरून मी पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज केला. उत्तर तेच आले. चार दिवसांची रजा काढून मी स्वतः तालुक्याला गेलो. तेथील कारकून शांत माणूस होता.

"साहेब, या आडनावाचं घर गावात नाही, कधी नव्हतं. पोस्टमनला विचारा, देवळात गुरवाला विचारा."

"तसे लेखी द्या," मी म्हणालो.

त्याने लेखी दिले. तो कागद घेऊन मी परत आलो आणि आईला दाखवला. आई म्हणाली, "म्हणजे आपण कुणाचेच नाही, असं सरकारनं लिहून दिलं तर."

तो कागद बरेच दिवस माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. आमच्या गल्लीत एक मलबारी चहावाला आहे. मी येथे आलो तेव्हापासून तो मला बॉम्बे म्हणतो, आणि त्याचे ऐकून सगळी गल्लीही म्हणते. एके सकाळी त्याने नेहमीप्रमाणे हाक मारली, "यल्ला बॉम्बे, चाय ठंडा हो रहा है." मी पेला उचलला आणि तसाच उभा राहिलो. मुंबईत मी विमानतळाच्या रांगेपलीकडे फारसा कधी राहिलेलो नाही. पण ते सोडा. मुंबईत मला बॉम्बे अशी हाक कोण मारील? तेथे तर सगळेच बॉम्बे. गावाच्या नावाने माणसाला ओळखतात ते गाव सोडल्यावर, आणि ओळखतात ते परके लोक. जे आडनाव आम्हाला खाडीकाठी मिळाले, ते मूळ गावात असणारच नव्हते. तेथे आमचे काहीतरी दुसरेच नाव असणार. इतकी वर्षे इतरांच्या अर्जांत मूळ पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने मी भरत होतो, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत दोन्ही रकाने एकच समजलो होतो.

नव्या अर्जात मी आडनाव गाळले. आमच्या खाडीकाठच्या गावी मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत माझ्या खापरपणजोबांची एक ओळ आहे. त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, धंदा शेती, मूळ राहणार अमुक गाव. खापरपणजोबांचे नाव केरकचऱ्यावरून ठेवलेले आहे. आधीची मुले दगावली की पुढचे जगावे म्हणून असे नाव ठेवीत. असल्या नावाचा धाकटा मुलगा आणि त्या नावाचा बाप, अशी जोडी मूळ गावी शोधावी, असे मी लिहिले. या खेपेला जोडी सापडली. आडनाव अर्थातच वेगळे होते. त्या आडनावाची घरे आजही गावात नांदती आहेत.

जोडी सापडली तो शेताचा कागद मोडीत होता. तालुक्याच्या गावी मोडी वाचून देणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. पुन्हा चार दिवसांची रजा काढून मी त्यांच्या ओटीवर बसलो आणि ते एकेक शेत वाचत गेले. वरकस, माळ, दोन कुणगे. कुणगा म्हणजे भातशेतीचा लहान तुकडा. एक थोरल्या भावाचा, एक धाकट्याचा. धाकट्याच्या नावापुढे त्यांचे बोट थांबले.

"शेरा आहे. परागंदा. कुणगा थोरल्याकडे."

मी पुन्हा वाचायला सांगितले.

"परागंदा म्हणजे गाव सोडून गेलेला, ठावठिकाणा नाही असा," त्यांनी समजावले.

मला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्याकडे त्याला ॲब्स्कॉन्डिंग म्हणतात. कामगार कामावर आला नाही की कंपनी तशी तक्रार नोंदवते, आणि तो शेरा एकदा बसला की त्या माणसाला दुसरीकडे काम मिळत नाही, घरीही धड जाता येत नाही. तो शेरा काढून घेण्याचे अर्ज हे माझे खास काम आहे. अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून एक वेल्डर माझ्याकडे कुबड्या घेऊन आला होता. पाय मोडून इस्पितळात पडला असताना कागदावर तो पळालेला होता. अशांसाठी मी किती लिहिले असेल. आता माझ्याच खापरपणजोबांवर तो शेरा निघाला, आणि काढून मागावा असे ऑफिस राहिलेले नव्हते. राहिली होती ती भावकी.

भावकीतल्या थोरल्या काकांना मी पत्र लिहिले. विषय, संदर्भ, मुद्देनिहाय मजकूर, सोबत नकला, आणि शेवटी 'सदर पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर द्यावे'. पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवले. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. आई लसूण सोलत बसली होती. तिला ऐकू यावे म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"तुमीच काय ते नोटीस धाडणारे?"

"नोटीस नव्हे काका, विनंतीपत्र आहे."

"इनंतीक रजिष्टर कित्याक लागता? पोस्टमनान अख्ख्या वाडीत सांगल्यान, दुबयसून कोर्टाचो कागद इलो. आमच्या घरात कोणाक जेवान गेला नाय."

"दुबई नव्हे, शारजा," मी दुरुस्ती केली.

"खयचाय असांदे. जमीन व्हयी तुमका?"

"नको. हक्कसोड लिहून देतो. मसुदा तयार आहे."

"मसुदो ऱ्हवांदे थयच. मगे व्हया काय?"

"मूळपुरुषाला एक नारळ ठेवायचा आहे. माझ्या आईला. नातीचं लग्न आहे."

काकांचा आवाज खाली आला. "त्या कुणग्याक आमी काय म्हणतंव म्हायत आसा? पळपुट्याचो कुणगो. लावणी अर्धी टाकून गेलो तो. थोरल्यान आनी तेच्या बायलेन पुरी केल्यानी. आजून आमच्याकडे पोरग्यान काम अर्धा टाकला काय म्हणतत, गेलो पळपुट्याच्या वाटेन. तेच्या घरचो नारळ मूळपुरुसाक कसो चलतलो? माका एकट्याक सांगूक येवचा नाय. भावकीक इचारूक व्हया."

आईने लसणीचे हात पदराला पुसले आणि फोन स्वतःकडे ओढला.

"भावोजी, मी बोलते. चिखलात उतरलेला माणूस लावणी अर्धी टाकून हौसेनं जातो का?"

"ता कागदात नाय."

"कागदात नसायचंच. अर्धी राहिली ना? मग उरलेली मी लावते. पुढच्या पावसात येते."

"ह्या वयात?"

"लावणीला वाकायचंच असतं. मी आयतीच वाकलेली आहे."

काका हसले. नंतर म्हणाले, "बघूया." आणि फोन ठेवला.

मी आईला म्हणालो की उत्तर अनुकूल दिसते. ती पुन्हा लसूण सोलू लागली होती. "घरच्या माणसाला रजिस्टर कोण पाठवतं? हे तुझं कंपनीला लिहायचं लिहिणं."

"मग काय लिहू?"

"जसं झालं तसं लिही. शेवटी तुझं ते विनंती-बिनंती घाल हवं तर."

त्याप्रमाणे हे लिहिले आहे. काका, आता दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

अशा शेऱ्यांचा माझा अनुभव असा की ज्याच्यावर शेरा बसतो त्याचे म्हणणे कागदावर कधीच नसते. कागद लिहिला जातो तेव्हा तो तेथे नसतो, म्हणून तर शेरा बसतो. थोरल्या आजोबांना मी दोष देत नाही. भाऊ गेला, शेत चिखलून पडले, रोपे उपटून ठेवलेली, वरून पाऊस. त्यांनी आणि थोरल्या आजीने दुसऱ्याची लावणीही आपल्या कमरेवर घेतली. त्यानंतर गावाने विचारले तेव्हा ते दुसरे काय सांगणार होते? त्यांचा राग पाच पिढ्या टिकला, कारण कष्ट खरे होते. हे आमच्या घराने कधी ऐकलेच नव्हते. आईने ऐकले त्या रात्री ती मला म्हणाली, त्या बाईची कंबर किती दुखली असेल.

दुसरी गोष्ट. मी पळून गेलेली माणसे पाहिली आहेत. दुबईत अल क्वोजच्या कामगारांच्या खोल्यांत अशी माणसे असतात. त्यांना गाव विचारले तर ती दुसरेच गाव सांगतात. ज्याला आपला माग लागू द्यायचा नसतो, तो सर्वांत आधी गावाचे नाव गिळतो. आमचा माणूस खाडीकाठी गेला आणि लोकांनी त्याला तुमच्या गावाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. हाक लोकांनी मारली हे खरे, पण गावाचे नाव लोकांना त्यानेच सांगितले असणार. कोणी विचारील तेव्हा त्याने ते सांगितले, मुलाला लावले, आणि मेल्यावरही नोंदवहीत पुन्हा तेच लिहिले गेले. जो गावापासून पळाला, तो गाव असे अंगावर लेवून फिरला नसता. तो का गेला आणि का परतला नाही, हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही. पण तो लपला नव्हता.

सबब आपल्या चरणी विनंती अशी की, सरकारी कागदावरील शेरा आहे तसा राहू द्यावा, तो आता कोणाच्या आड येत नाही. मात्र भावकीच्या बोलण्यातून तो काढून घ्यावा, आणि त्या कुणग्याला आपणास योग्य वाटेल ते दुसरे नाव द्यावे. धाकट्याचा कुणगा म्हटले तरी आमची तक्रार राहणार नाही. कुणगा आपलाच आहे व आपलाच राहील. लग्नाआधी माझ्या आईला मूळपुरुषापुढे एक नारळ ठेवू द्यावा. पुढील लावणीस तिला बांधावर बसवून न ठेवता निदान एक ओळ लावू द्यावी. ती ऐकणार नाही, हेही येथे नमूद करतो.

आईचा व्हिसा दिवाळीपूर्वी संपतो. ती येथून निघेल तेव्हा थेट आपल्याकडे उतरावे की खाडीकाठी जावे, हे तिला सांगावे लागेल. उत्तर साध्या पत्राने किंवा फोनवर द्यावे, पंधरा दिवसांची अट नाही. शुक्रवारी दुपारनंतर मी घरी असतो. उत्तर होकाराचे असल्यास आईला सांगावे. नकाराचे असल्यास ते कृपा करून मला सांगावे, तिला नको.