धुतलेली तिफण

रझाकारांच्या धामधुमीत जाफराबादकडच्या आमच्या गावातले बरेच पुरुष निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडातल्या छावणीत गेले. मी आणि थोरला भाऊही गेलो. भाऊ तिथेच तापाने वारला. मागे घरात म्हातारी आई, माझी बायको आणि वहिनी. पेरणीला गडी मिळेना. तेव्हा वहिनीनेच बैल जुंपले आणि तिफण हाकली. आई चाड्यावर, तिफणीच्या लाकडी वाटीत, मुठीने बी सोडत चालली.

आमच्याकडे चाड्यावर बाईची मूठ चालते. तिफणीचं रुमणं, हाकायचा दांडा, मात्र पुरुषानेच धरायचं. बाईने धरलं तर पाऊस रुसतो म्हणतात.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि मी परतलो. रानात छातीएवढी ज्वारी उभी होती. मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. गावातल्या एका वडीलधाऱ्याने सांगितलं, रब्बीच्या पेरणीआधी तिफण शुद्ध कर. मी अंगणात गोमूत्राने तिफण धुतली, नारळ फोडला. विधवा होऊन चार महिने न झालेली वहिनी दारात उभी होती.

"भावजी, तिफण धुतली ते बरं केलं," ती म्हणाली. "मंग ज्वारी बी धुऊनच खा."

आई हसली. मला राग आला. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी तीच ज्वारी खाल्ली.

पुढे सात-आठ वर्षं वहिनी माझ्या हाताखाली निंदत-खुरपत राहिली. जमीन वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांची होती, पण भाऊ गेल्यावर दप्तरी माझं एकट्याचं नाव लागलं होतं. विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळतो असा कायदा झाल्याचं तिच्या कानावर आलं. मला न विचारता ती चावडीवर गेली. पटवाऱ्याने मला बोलावून घेतलं. चावडीत पाच-सात माणसं बसलेली, तो वडीलधाराही.

"बाई म्हणते, नवऱ्याचा हिस्सा माझ्या नावावर करा. तुम्ही छावणीत गेल्ते तवा रान मीच केलं म्हणते," पटवारी म्हणाला. "तुमची कबुली असंल तर आजच कागद करतो. बराबर काय ते बोला."

मला दोन मुलगे होते. अर्धं रान गेलं तर त्यांना काय उरणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

मी म्हणालो, "पटवारी साहेब, बाई कधी तिफण हाकती का?"

सगळे हसले. तो वडीलधाराही हसला.

वहिनीने पदर सारखा केला. "मंग धुतली कशाला, भावजी?"

हसू थांबलं.   पटवाऱ्याने दप्तर बांधलं आणि घरातला मामला घरात मिटवा म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने नेहमीसारख्या भाकरी केल्या, मला वाढल्या. दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन आष्टीला, माहेरी गेली.

सहा महिन्यांनी मी तिला आणायला गेलो. ती दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपत होती. मला पाहून उठली नाही.

"घरी चला, वहिनी."

"नाव लावून आलात का?"

"लावतो."

"मंग लावून या. भाकर खाल्ली का? खाऊन जा."

मी बांधावर बसून तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि बसने परत आलो. ती पुन्हा खुरप्याला लागली होती.

याला तीन वर्षं झाली. चावडी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. कबुली द्यायला कुणाचा विरोध नाही; मुलंही म्हणतात, देऊन टाका. जायला निघतो, आणि तिथे बसलेली तीच माणसं आठवतात. त्यांच्यासमोर म्हणावं लागेल, की मी खोटं बोललो, रान तिनेच केलं होतं. एवढं एक वाक्य. आणि मी उंबऱ्यातूनच माघारी फिरतो.

बायको परवा पुन्हा म्हणाली, "कवा जाता?"

सुगी झाली की जातो, असं मी तिला सांगितलं. मागच्या सुगीच्या आधीही हेच सांगितलं होतं.