एका उत्तराला एक शेंग

“तिलाच सांगू की. मोठ्याला तिनंच तर पास केलं,” काका बाहेरच्या खोलीत बाबांना म्हणत होते. धाकट्या मुलाला घेऊन ते सोयगावहून आले होते. मी स्वयंपाकघरात आईजवळ उभी होते. कढईत भुईमुगाच्या शेंगा भाजत होत्या, आणि त्या वासाने मला पाचवीतल्या दिवाळीच्या सुट्टीत नेऊन बसवलं.

तेव्हा काकांचा मोठा मुलगा, माझ्याच वयाचा, एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी आमच्या पडेगावच्या घरी राहिला होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून त्याचं इंग्रजी व्याकरण आणि शब्दार्थ मी घ्यायचे. बरोबर उत्तराला एक शेंग, असा आईचा नियम होता. मी विचारायचे, तो सांगायचा, आणि शेंगा त्याच्यापुढे जमायच्या. त्याचं अडलं की उत्तर मी सांगायचे. त्या उत्तराची शेंग मात्र कुणालाच मिळायची नाही.

एकदा काका त्याला भेटायला आले असताना, धीर करून मी आईच्या कानात विचारलं, “मी पण बसू परीक्षेला?” तिने ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

काका हसले. “पोरीला हॉस्टेलात ठेवायचं व्हय? तू तर आमची मास्तरीण हायेस!”

बाबाही हसले. मास्तरीण म्हटल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज सगळ्यांत जास्त चीड त्या अभिमानाचीच येते.

“काय गं, घेशील ना याची तयारी?” काकांनी दारातून डोकावून विचारलं.

“त्या परीक्षेला मलाही बसायचं होतं, काका,” मी म्हणाले.