हसण्यापुरती उचललेली सुई

काकी गेल्याची तार मुंबईत माझ्या हाती पडली, तेव्हा तिच्यासाठी घेतलेली ग्रामोफोनच्या सुयांची डबी खिशातच होती. या बाईला सुया कधी पुरल्याच नाहीत. "काकी, सुयो खातस काय गो?" असं मी दर सुट्टीत विचारायचो... आता विचारणार कोणाला?

मालवणजवळच्या आमच्या गावात हौशी मंडळी 'संगीत जावयाचा रुसवा' हे प्रहसन करत. जावई रुसून फणसावर चढून बसतो आणि सासू खाली ताट धरून, पदं म्हणत त्याची मनधरणी करते, एवढंच कथानक. सासू माझे काका व्हायचे. काकीचं ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ सावरत ते अशा ठसक्यात गायचे की कुणकेश्वरच्या जत्रेत पेटीवाल्यालाही हसू आवरायचं नाही. पुढे काका तापाने गेले, मंडळी पांगली, प्रहसनही लोक विसरले. काकांचा साधा फोटोदेखील घरात नव्हता. "लोक कसे हसत, ताच काय ता माझ्याकडे रवला," काकी म्हणायची.

म्हणूनच बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या एका दुकानात त्या प्रहसनाची नवी कोरी तबकडी दिसली, तेव्हा मी भाव न विचारता घेतली. कोणीतरी जुनी पदं शोधून नव्याने गायली होती. सुट्टीत घरी नेली. दुपारची जेवणं उरकली होती, माडांच्या सावल्या ओटीवर हलत होत्या, समुद्राची गाज पेंगुळल्यासारखी येत होती. मी ग्रामोफोनला चावी दिली. काकी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली. सासूचं पद सुरू झालं आणि तिचा चेहराच उतरला.

"ह्यो आवाज तेंचो नाय."

"काकांचो आवाज आता खंयसून येतलो, काकी?" मी जरा वैतागूनच म्हटलं. एवढ्या हौसेने आणलेली तबकडी!

ती ऐकत राहिली. मग एकदम उठली आणि ओळ संपताच तिने सुई उचलली.

"हे असे धावतत कित्याक रे? हंय लोक हसतत."

आणि ती थांबली. वारा, माड, रिकामी ओटी... तिच्या ओठांवर हळूहळू हसू उमटलं, जणू समोर सगळी जत्रा बसली होती. मग बेताने तिने सुई खाली ठेवली.

"हंय कोणच नाय, काकी."

"आसत. तू गप रव."

त्यानंतर दर सुट्टीत हेच. तबकडीवर चरे पडले, सुया बोथट झाल्या, माझी कटकट चालूच राहिली. एक पद म्हणून सलग ऐकू दिलं नाही तिने. पण त्या थांबण्यांमध्ये मलाही काका दिसू लागले होते, नथ सावरत लोकांकडे तिरकं बघणारे. गाणारा कोणी का असेना, हशा काकांनाच मिळायचा. फार गोड दुपारी होत्या त्या.

काकीचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. त्या दुपारी मी ग्रामोफोन ओटीवर काढला आणि डबीतली नवी सुई बसवली. आज न थांबता ऐकायचं, अडवायला आहेच कोण, असं मनाशी ठरवून. ओळ संपली, सुई चऱ्यावर टिक् वाजली आणि माझा हात आपसूक पुढे गेला.

आतून बायकोने विचारलं, "बंद कित्याक केलात?"

"बंद नाय केलंय," मी म्हटलं. "रव जरा. लोक हसतत."