चलनमाफीचा अर्ज

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो आणि संस्थेचं दूध शीतकरण केंद्रावर नेणारी पिकअप माझ्या धाकट्या भावाची होती. गाव शिरूर कासार तालुक्यातलं, केंद्र पार बीड ओलांडून पालीच्या पुढं. ही पिकअप काही आभाळातून पडली नव्हती. नवरा-बायकोनं सलग सहा हंगाम परमुलखातल्या कारखान्यांवर ऊस तोडला, तेव्हा कुठं ती जुनी गाडी दारात उभी राहिली. त्या दिवशी भावजयीनं चाकांखाली लिंबं ठेवली, गाडीला ओवाळलं आणि हातातला कोयता घरात नेऊन पत्र्याच्या आढ्याला खोचला. म्हणाली, "आता ह्यो खाली काढायचा न्हाई."

गाडी नावावर करताना कागदावर मोबाइल नंबर लिहायचा होता. भावाचा नंबर दर हंगामाला बदलायचा. कारखाना बदलला की रेंज बदलायची, आणि रेंज बदलली की कार्ड बदलायचं. म्हणून तिथं मी माझा नंबर लिहिला. थोरला भाऊ म्हणून तेवढी ऐट होतीच अंगात. संस्थेतही सगळ्यांच्या कागदांवर माझाच नंबर असायचा, गॅसच्या पुस्तकापासून पीकविम्यापर्यंत. त्यात वावगं असं कुणालाच काही वाटलं नाही.

भाऊ गाडी इतकी जपून चालवायचा की गावात त्याची टिंगल व्हायची. चढावर बैलगाडी त्याला मागून आवाज देते म्हणायचे. दूध हिंदकळलं तर फेस येतो, कॅनच्या झाकणातून सांडतं, हे त्याचं उत्तर असायचं. सकाळी साडेसातला संकलन आटपायचं, हा आठला निघायचा, साडेनऊच्या पुढंमागं केंद्रावर. त्या दिवसांत मी त्याला कधी घाईत पाहिलेलं आठवत नाही.

मग दुष्काळ पडला. पाऊस गेला, विहिरी गेल्या, गावाला टँकर सुरू झाला. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, टँकरचा आणि गाडीच्या वेगाचा काय संबंध. संबंध असा की टँकर यायचा आठनंतर. टँकर आल्याशिवाय जनावराला पाणी नाही, आणि तहानलेली म्हैस धारेला उभी राहत नाही. साडेसातचं संकलन साडेनऊवर गेलं. शीतकरण केंद्राला मात्र टँकरशी देणंघेणं नव्हतं. अकरा वाजले की तिथल्या फाटकाचा दांडा आडवा. उशिरा गेलेल्या दुधाचा नमुना नळीत घालून उकळायचे, आणि त्या उन्हात ते हमखास फाटायचं. मग सगळे कॅन परत.

त्यात आमच्या संस्थेचा एक रिवाज होता. शेवटचं भांडं आल्याशिवाय काटा आवरायचा नाही. मी स्वतः तो कडक पाळायचो आणि चारचौघांत सांगायचोही. शेवटचं भांडं बहुतेक माळावरच्या वस्तीतल्या एका बाईचं असायचं. नवरा नाही, एक म्हैस, दीड लिटर दूध. ती माळ उतरताना दिसली की मी भावाला हातानं थांब म्हणायचो. तो इंजिन चालू ठेवून बसलेला असायचा. बाई आली, दूध मोजलं, ओतलं, की मीच दारावर थाप मारून म्हणायचो, "हं, आता जरा दाब."

एकदा तो म्हणाला, "दादा, अर्धा तास आधी काटा बंद केला तर न्हाई का जमणार? लई हाणावी लागती गाडी."

मी सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसलो. "दूध घेऊन दारात आलेली बाई माघारी पाठवू? तुला गाडी दिली ती कशाला?" गाडी मी दिलेलीच नव्हती. त्यानंतर त्यानं हा विषय काढला नाही.

पहिला मेसेज आला तेव्हा मी संस्थेत कॅन धूत होतो. वेगमर्यादा ओलांडली, दंड अमुक, आणि खाली फोटो. बीडच्या पुढं बिंदुसरा धरणाच्या अलीकडं मोठ्या रस्त्यावर एका लिंबाच्या सावलीत पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी राहायला लागली होती, तिनं काढलेला. फोटो इतका स्वच्छ होता की मी हात पुसून परत पाहिला. काचेमागं भाऊ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर पुढं. ऊसतोडीच्या सहा वर्षांत त्याचा असा एक फोटो कुणी काढला नव्हता. लग्नातल्या फोटोतसुद्धा तो खाली बघत होता.

खरं सांगतो, मला राग आला नाही, कौतुक वाटलं. मी तो फोटो संध्याकाळच्या संकलनाला सगळ्यांना दाखवला. भावजय म्हणाली, "लई झ्याक आलाय. मला पाठवा की, भावजी." तिनं तो मोबाइलवर समोरच लावून ठेवला. फोन उघडला की पहिला तो दिसायचा, दंडाच्या पावतीवरचा नवरा.

मग मेसेज येतच राहिले. आठवड्याला एक, कधी दोन. एका दंडात सरकी पेंडीची दोन पोती आली असती. भाऊ संध्याकाळी विचारायचा, "आज आला का?" आणि मी मान हलवायचो. कॅमेरा लिंबाखालीच असतो हे त्याला ठाऊक होतं. समोरून येणारे ट्रकवाले लाइट मारून इशाराही द्यायचे. पण घड्याळात पावणेअकरा झालेले असताना इशाऱ्याचं तो काय करणार होता? हळू गेला तर दूध फाटणार, जोरात गेला तर फोटो निघणार. तो रोज फोटो निवडायचा.

एक दिवस मी संस्थेच्या चेअरमनना सगळे मेसेज दाखवले. चेअरमन गावातले वजनदार माणूस, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचला आणि हसले.

"यात काय घाबरायचं? तालुका दुष्काळी जाहीर झालाय. शेतसारा माफ झाला, पोरांची परीक्षा फी माफ झाली, लाइटबिलात सवलत मिळाली. ह्यो दंड पण सरकारचाच हाय ना? अर्ज करून टाक."

आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण आमच्याकडं दुष्काळ म्हणजे नुसतं पाणी नसणं नाही, दुष्काळ म्हणजे सवलतींची यादी. लहानपणापासून आम्ही तेच पाहिलेलं. सरकारनं एकदा गावाला दुष्काळी म्हटलं की मग जे जे सरकारला द्यायचं ते ते थांबतं, अशी आमची पक्की समजूत. आणि भाऊ कशापायी पळवत होता गाडी? दुष्काळापायीच ना. मला तर हा अर्ज अगदी बिनतोड वाटला.

मी संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला. विषय : दुष्काळग्रस्त गावातील दूध वाहनाच्या वेगाचा दंड माफ होणेबाबत. टँकरची वेळ लिहिली, फाटकाची वेळ लिहिली, मेसेजच्या झेरॉक्स जोडल्या, गोल शिक्का मारला. तहसीलमध्ये आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसानं न वाचताच त्यावर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि पोचेची प्रत माझ्या हातात दिली. त्या क्रमांकानं आमचा घात केला. नुसता अर्ज असता तर आम्ही विसरलो असतो. आता सरकारदरबारी नोंद झाली होती.

मी ती प्रत संस्थेच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी चिकटवली. गावातले दोन जीपवाले आणि एक टेम्पोवाला आपापले मेसेज घेऊन आले, त्यांचेही अर्ज मीच लिहून दिले. देव पाण्यात ठेवून बसावं तर पाणी टँकरचं, म्हणून आम्ही नुसतेच बसलो. रोज कुणीतरी विचारायचं, माफीचं कुठवर आलं? मी सांगायचो, फाइल फिरतेय.

उन्हाळ्यात एकदा लिंबाखालच्या शिपायानं भावाला हात करून थांबवलं. भाऊ मला संध्याकाळी सांगत होता. शिपाई म्हणाला, "कावून एवढी हाणतो बे? रोज तुझाच फोटो. मी काढत न्हाई, मशिन काढतं, मला त्यात काही करता येत न्हाई." भावानं दुधाचं सांगितलं. शिपायानं त्याला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "लोकअदालत हाय पुढच्या शनिवारी. तिथं जा. कमी करून देतात, एकदाचं मिटवून टाक. मेसेज आला असंल बघ."

मेसेज आला होता. माझ्याच फोनवर. मी तो वाचला होता आणि भावाला सांगितला नव्हता, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"जाऊ का दादा?" त्यानं विचारलं. "एक म्हैस इकायला काढली तर तेवढं भागंल."

मी भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. "पूर्ण माफ होणार आहे. भरलेलं माघारी मिळत नसतं, माहितीय ना? आज भरलं आणि उद्या माफी आली तर?"

त्याला ते पटलं. माझं त्याला सगळंच पटायचं. शनिवार गेला आणि त्या दिवशीही फोटो निघाला.

पुढं गाडीच्या पासिंगची मुदत संपली. आम्ही दोघं बीडला गेलो. एजंटानं गाडीचा नंबर टाकला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे सगळं भरल्याबिगर पासिंग होत नाही," म्हणाला. मी पिशवीतून पोचेची प्रत काढली. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं ती सबंध वाचली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवली. "साहेब, हे जपून ठेवा," एवढंच म्हणाला. तेवढ्यावरून मला कळलं. भावाला नाही कळलं. त्याला वाटलं, एजंटानं कागद महत्त्वाचा आहे म्हणून जपायला सांगितला.

पासिंग नसलेल्या गाडीला केंद्राच्या फाटकातून आत सोडत नाहीत. आमचा रूट शेजारच्या गावच्या गाडीकडं गेला. ती यायची सातला, पाच मिनिटं थांबायची आणि निघून जायची. टँकर तेव्हा आलेलाही नसायचा. पहिल्याच दिवशी माळावरची ती बाई दीड लिटर घेऊन आली तर समोर नुसती धूळ होती. मी काट्यापाशी उभा होतो. ती तसंच भांडं घेऊन माळ चढून गेली. ज्या रिवाजासाठी मी भावाला पळवलं, तो रिवाज असा मोडला. पंधरवड्यात लोकांनी जनावरांना बाजार दाखवला आणि संस्थेचा काटा मी गोणपाटात बांधून ठेवला.

दसऱ्याच्या आधी भावानं मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली. भावजयीनं स्टूल लावून आढ्यातला कोयता काढला. गंजला होता. ती दारात बसून तासभर दगडावर घासत होती आणि मी समोर चहा पीत होतो. ती मला एक शब्द जरी बोलली असती तर मी तो जन्मभर जपला असता.

निघताना भाऊ म्हणाला, "एकच हंगाम, दादा. तवर माफी येतीच." आणि किल्ली माझ्या हातात दिली. "दर आठ दिवसाला गाडी चालू करून ठेव. बॅटरी बसली तर लई महाग पडंल. माफी आली की लगीच निघता आलं पाहिजे."

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी तहसीलचं पत्र आलं. सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. दोन ओळी. मी भिंतीवरची पोच काढली नाही. पत्र घडी करून पाकिटात ठेवलं, ते अजून तिथंच आहे. भावाला सांगायचं होतं, पण फोनवर त्याच्यामागं मोळ्या टाकल्याचा आवाज यायचा आणि माझी जीभ उचलायची नाही. मी भ्याडासारखा म्हणायचो, फाइल वर गेलीय.

सुरुवातीचे दोन महिने गाडी चालू केली. मग एक आठवडा चुकला, मग दुसरा. त्या वर्षी परतीचा पाऊस पडून गेला होता आणि आठवड्याच्या बाजारात चर्चा अशी की यंदा तालुका दुष्काळी यादीत राहणार नाही. म्हणजे अर्ज करायलाही कारण उरलं नाही. संक्रांतीच्या सुमारास मी किल्ली फिरवली तर गाडीत नुसतं टिक झालं. परत फिरवली. तेवढंच.

मी सीटवर बसलेलो असतानाच त्याचा फोन आला.

"दादा, कुठं हाय?"

"गाडीतच बसलोय."

तो खूश झाला. हलक्या आवाजात बायकोला म्हणाला, दादा गाडीतच हाय. मग मला म्हणाला, "चालू कर की जरा. फोन बॉनेटपाशी धर. तीन महिने झाले, आवाज ऐकला न्हाई."

माझा हात किल्लीवरच होता. पलीकडं तो थांबला होता, आणि तीही फोनला कान लावून असणार.

"रेंज जातीय," मी म्हणालो आणि फोन कापला.