पाचशे छत्तीसचं मळभ

अगं, टीव्हीचा आवाज कमी कर आणि फोन कानाला नीट लाव. मँचेस्टरला गेलीस म्हणजे मावशीला विसरायचं, असं थोडंच आहे?

इथे वेम्बलीत आमच्या शेजारचे डॉक्टर आठवतात ना, जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल देणारे? रिटायर झाल्यापासून त्यांचा पाय घरात ठरत नाही. कुंपणाशी येरझारा घालतात, टायच्या टोकानं चष्मा पुसतात आणि एकाच वर्षाबद्दल बोलतात, इसवी सन पाचशे छत्तीस. "वहिनी, त्या वर्षी रोमच्या बाजूला सूर्य चंद्रासारखा फिका झाला, चीनमध्ये उन्हाळ्यात बर्फ पडला, आयर्लंडात लोकांना भाकरी मिळेना. आणि जो तो समजला, आपल्याच गावावर मळभ आलंय!" मी म्हणते, "अहो, चहा निवतोय."

काल लख्ख ऊन होतं. दोरीवरचे माझे कपडे वाळून कडक झाले होते. ते वर बघून म्हणाले, "आजही मळभच, वहिनी."

मी गप्प झाले. माझा चेहरा त्यांना दिसला नसेल, पण गप्प बसणं बरोबर कळलं. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू दे."

"डोळे दाखवा की," म्हटलं, तर म्हणाले, "ऑपरेशन सांगतील हो." बघ, जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं आणि स्वतःला त्या टेबलावर झोपायची भीती!

तू डोळ्यांची डॉक्टर, तुझं ऐकतील ते. या शनिवारी ये बाई, ऊन असो नसो.