रेस सोडायची नाही

कोल्हापूर सोडताना मी नवऱ्याला, अशोकला, सांगून निघाले, चेन्नईहून शिकून आल्यावर मोटरसायकल एक तर नीट चालवीन, नाहीतर विकून टाकीन. तीन वर्षांपूर्वी आंबोलीच्या घाटात, वळणावरच्या खडीवर मागचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं फेकले गेलो. मला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या अशोकच्या मांडीत रॉड घालावा लागला. तेव्हापासून वळण आलं की माझे हात लाकडासारखे होतात, आणि जो भेटेल त्याच्यापुढे मी त्या खडीला शिव्या घालते.

वेस्ट मांबलममधल्या लॉजवर उतरले. सकाळी पोंगल (तांदूळ-मूगडाळीचा मऊ, तुपाळ भात) पोटभर हाणला आणि बसने शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर पोहोचले. शिकवणारे गोपाळराव साठीचे, तंजावरकडच्या मराठी घरातले. ते बोलायला लागले आणि मी चाटच पडले. मराठी आपलीच, हेल मात्र पक्का तमिळ. आंबोलीची हकीकत त्यांनी निमूट ऐकून घेतली. मग हजार सीसीच्या गाडीच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवून ती मला चिरडायला लावली. इथे नव्या माणसाला त्याशिवाय सोडत नाहीत म्हणे. त्यानंतर त्यांनी एका वळणावर पाईपने पाणी मारलं. मुद्दाम! हा बाबा मला मारायला निघालाय, अशी माझी खात्रीच झाली.

पहिल्याच फेरीत मागचं चाक सटकलं. मी झटकन मूठ उलटी फिरवून रेस सोडली आणि गाडीने मला उचलून गवतावर आपटलं. तोंडात माती, खांदा सुन्न.

गोपाळराव सावकाश चालत आले. चाक घसरत असतं तोवर गाडी सांभाळता येते, ते समजावू लागले. घाबरून एकदम रेस सोडली की तेच चाक रस्ता पकडतं आणि वरच्या माणसाला भिरकावतं.

"घाटात काय केलंत, अम्मा?"

माझ्या मनगटाला सगळं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी चाक सटकलं तेव्हा रेस धरून ठेवली. मागचं चाक बाहेर सरकत गेलं, गाडी तिरकी, इंजिन किंचाळतंय आणि माझी नजर वळणाच्या शेवटावर. दोन सेकंद असतील. बाई गं, काय ते सुख! हेल्मेटमध्ये मी एकटीच खदखदून हसले. पुन्हा गेले, पुन्हा घसरले, पुन्हा हसले. आणि हसता हसताच आंबोलीचं वळण आठवलं. एवढंच करायचं होतं त्या दिवशी, आणि मी ते केलं नव्हतं.

परतीच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नाही. घरी पोचल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी अशोकला सांगून टाकलं, की खडीचा दोष नव्हता, तुझा पाय मी मोडला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मागेच बसलो होतो ना मी. पडायच्या आधी इंजिन गप्प झालेलं ऐकलं होतं."

मग तीन वर्षं बोलला का नाहीस, मी विचारलं.

"तू गाडी कायमची सोडली असतीस."

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. वळणं आता मी घेते, मजेत घेते. त्याला मागे बस म्हणायला मात्र मला अजून धीर होत नाही.